मोनोक्लोनल आहे, तरी बँड खरा कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : फॉस्फो-ईआरके आणि फॉस्फो-एकेटी (पेशीत संदेश पुढे नेणाऱ्या ईआरके आणि एकेटी या प्रथिनांची फॉस्फेट लागलेली, म्हणजे चालू रूपं) बघण्यासाठी तुम्ही मुद्दाम मोनोक्लोनल अँटिबॉडी मागवल्या. पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची, ती पद्धत) ग्रोथ फॅक्टर न दिलेल्या पेशींच्या लेनमध्येही ईआरकेचा बँड ठळक येतोय. एकेटीच्या ब्लॉटवर ६० किलोडाल्टनच्या बँडशिवाय आणखी एकदोन बँड दिसताहेत. गाइड म्हणताहेत अँटिबॉडी बदला. मोनोक्लोनल म्हणजे एकच लक्ष्य ओळखणारी, मग असं का होतंय, आणि नवी घेताना काय बघायचं?

आधी एक सांगतो, अजून काही मागवू नका. पहिल्या तक्रारीत अँटिबॉडीचा दोष असेल असं मला वाटत नाही. दुसरीत असू शकतो. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, पण त्याआधी तुमच्या प्रश्नातला ‘म्हणजे’ तपासून घेऊ.

मोनोक्लोनल हा शब्द अँटिबॉडी कुठून आली एवढंच सांगतो. ती काय काय ओळखते याबद्दल तो काहीच बोलत नाही. जॉर्ज कोहलर आणि सेसार मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिजमधून जी पद्धत प्रसिद्ध केली, आणि जिच्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं, तिचं मर्म असं : उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थकता वाढत राहणारी मायलोमा ही कर्करोगाची पेशी जोडून एक करायची. न जोडलेली प्लीहेची पेशी काही दिवसांत आपोआप मरते. न जोडलेली मायलोमा पेशी ‘हॅट’ माध्यमात मरते, कारण त्या माध्यमात जगायला लागणारं एक एन्झाइम तिच्याकडे नसतं. उरतात त्या जोडपेशी, म्हणजे हायब्रिडोमा. त्यातली एकेक वेगळी करून वाढवली की प्रत्येकीचं कुळ एकाच रचनेची अँटिबॉडी बनवत राहतं.

एकच रचना म्हणजे एकच एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग), इथपर्यंत ठीक. पण सलग एपिटोप असतो केवढा? साधारण पाच ते आठ अमिनो आम्लांचा तुकडा. पेशीत हजारो प्रथिनं आहेत. तसाच किंवा जवळपास तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असला, तर तीच अँटिबॉडी तितक्याच निष्ठेने तिथेही चिकटणार. तिला प्रथिनाचं नाव कळत नाही, आकार कळतो.

आणि ‘एकच रचना’ हेही नेहमी खरं नसतं. २०१८ साली १८५ हायब्रिडोमांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातल्या जवळपास ३२ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी ज्यांची बनते त्या जड किंवा हलक्या साखळ्यांची एकाहून जास्त जनुकं व्यक्त होत असल्याचं दिसलं. म्हणजे बाटलीवर मोनोक्लोनल लिहिलेलं असतं, आत मिश्रण असू शकतं. मी स्वतः आता शक्य तिथे रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घेतो ते यामुळेच. तिचा क्रम माहीत असतो आणि त्या क्रमावरूनच ती बनवली जाते. हायब्रिडोमा फ्रीझरमधून काढताना मेला, किंवा वाढता वाढता त्याने अँटिबॉडी बनवणं सोडलं, हा प्रश्नच उरत नाही. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये हीच मागणी केली होती : संशोधनात वापरायच्या अँटिबॉडीचा क्रम माहीत असावा आणि ती त्यावरूनच तयार व्हावी.

आता एकेटीचे जादा बँड. फॉस्फो-अँटिबॉडी बनवताना त्या जागेभोवतीचा छोटा पेप्टाइड फॉस्फेट लावून तयार करतात, वाहक प्रथिनाला जोडतात आणि प्राण्याला टोचतात. मग क्लोन निवडताना फॉस्फेट असलेला आणि नसलेला, असे दोन्ही पेप्टाइड शेजारीशेजारी ठेवून तपासतात. पहिल्याला चिकटणारा आणि दुसऱ्याला न चिकटणारा क्लोन ठेवायचा. या चाळणीतून ‘फॉस्फेट आहे की नाही’ हा फरक उत्तम पकडला जातो. ‘हेच प्रथिन की त्याचं भावंड’ हा फरक मात्र तितका पकडला जात नाही, कारण भावंडांचे पेप्टाइड चाळणीत असतीलच असं नाही.

एकेटीमध्ये तर भावंडांचं कुटुंबच मोठं आहे. एकेटी-१ मधलं सेरीन ४७३, एकेटी-२ मधलं सेरीन ४७४ आणि एकेटी-३ मधलं सेरीन ४७२ यांच्याभोवतीचा क्रम इतका सारखा आहे, की ‘सेरीन ४७३’ म्हणून विकली जाणारी अँटिबॉडी सहसा तिन्ही पाहते. ही जागा ज्या जलविरोधी पट्ट्यात बसते, तो पट्टा एस-६-कायनेज, एसजीके आणि पीकेसीच्या काही प्रकारांतही थोड्या फरकाने आहे. तुमचा जादा बँड ७० किंवा ८० किलोडाल्टनच्या आसपास असेल, तर मी आधी याच नातेवाइकांकडे बघेन. ईआरकेचंही तसंच. त्याच्या सक्रियतेच्या फासात थ्रिओनीन-ग्लुटामिक आम्ल-टायरोसीन असा त्रिक आहे, त्याच्या भावंडांपैकी जेएनकेमध्ये मधल्या जागी प्रोलीन आहे, पी-३८ मध्ये ग्लायसीन. मध्ये एका अमिनो आम्लाचा फरक, दोन्ही बाजूंना फॉस्फेट. चांगला क्लोन हा फरक ओळखतो, पण गृहीत धरू नका. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर पकडणाऱ्या रिसेप्टरच्या काही फॉस्फो-टायरोसीन अँटिबॉडींच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, की इतर सक्रिय रिसेप्टर टायरोसीन कायनेज खूप जास्त असतील तर त्यांनाही ती चिकटू शकते. ते वाक्य बहुतेकदा तळाशी, बारीक अक्षरात असतं. तेच आधी वाचावं.

आता उत्तेजन न देता चमकणारा ईआरके. इथे मला तुमच्या पेशींचा संशय येतो, आणि त्याहून जास्त तुमच्या हातांचा. उत्तेजनाआधीचा एक तास तुम्ही काय करता ते नीट आठवा. रात्रभर सीरमशिवाय ठेवलंत, छान. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, माध्यम ओढून घेतलं, ताजं माध्यम टाकलं, त्यात ईजीएफ. आणि नियंत्रण लेनच्या प्लेटलाही ताजं माध्यम दिलं. ते माध्यम फ्रिजमधून आणलेलं, थंड होतं का? जोरात ओतलं होतं का? नुसत्या माध्यम बदलण्यानेही अनेक पेशींमध्ये ईआरके काही मिनिटांत उठतो. थंडी, ताण, पेशींच्या थरावर पडलेला ओरखडा, इतकंच काय पण पीएचमधला बदल, या सगळ्याला या मार्गाच्या लेखी अर्थ आहे. मी शिकवताना एक नियम घालून देतो : उत्तेजक दहापट तीव्र करून त्याच माध्यमात तयार करायचा आणि प्लेटमधल्या जुन्या माध्यमात एक दशांश घालायचा. प्लेट फार हलवायची नाही. नियंत्रणाला तेवढंच साधं माध्यम घालायचं. असं केलं की कित्येकदा ‘खराब अँटिबॉडी’ एका दिवसात सुधारते.

दुसरं, तुम्ही कोणती पेशी वापरता ते लिहिलेलं नाही. ए-३७५ किंवा एचटी-२९ सारख्या पेशींत, ईआरकेला वरून चालू करणाऱ्या बी-राफचं व्ही-६००-ई उत्परिवर्तन आहे. तिथे ईआरके उपाशी ठेवूनही जागाच राहणार. एलएनकॅप, पीसी-३ आणि जुरकॅट या पेशींत एकेटीला आवर घालणारं पीटेनच नाही, म्हणून एकेटी सीरमशिवायही चालू असतो. अशा पेशींत शांत नियंत्रण शोधत बसलात तर अँटिबॉडी बदलून काहीही होणार नाही.

लायसिसबद्दलही, म्हणजे पेशी फोडण्याबद्दलही, दोन शब्द, कारण फॉस्फो-प्रथिनांची अर्धी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते. पेशी फुटली की फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फटेज मोकळे होतात आणि बर्फावरही काम करत राहतात. सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट टायरोसीन फॉस्फटेजना रोखतं, पण ते पूर्वतयारीशिवाय टाकलं तर फारसा उपयोग होत नाही. २०० मिलिमोलर द्रावण पीएच १० ला आणायचं, ते पिवळं होतं, रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पुन्हा पीएच १० करायचा आणि रंगहीन राहीपर्यंत हे परत परत करायचं. पिवळा रंग म्हणजे व्हॅनेडेटचे रेणू एकमेकांना चिकटून साखळदंड झालेले. शिवाय लायसिस बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर ते व्हॅनेडेट निकामी करतात, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. सेरीन-थ्रिओनीन बाजूला सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. मला विचाराल तर नुसता ब्लॉट करायचा असल्यास मी ही सगळी यातायात टाळतो : माध्यम ओढून घेतलं की लगेच उकळता एसडीएस सॅम्पल बफर थेट पेशींवर. त्या क्षणी सगळी एन्झाइम मरतात. लायसेट चिकट होतं, डीएनए सुईतून ओढून तोडावा लागतो, आणि बफरमधल्या डीटीटीमुळे प्रथिन मोजायला वेगळी रीत लागते. तरी ती किंमत मला मान्य आहे.

एक प्रसंग सांगतो, कारण माझा अँटिबॉडीकडे बघण्याचा डोळा त्याने बदलला. आम्ही उंदराच्या सुजलेल्या ऊतींमध्ये जेएनके बघत होतो. फॉस्फो-जेएनकेची उंदरात बनवलेली मोनोक्लोनल होती, पेशींवर सुरेख काम करणारी. जेएनकेचे दोन बँड येतात, ४६ आणि ५४ किलोडाल्टन. सूज चढत गेली तसा वरचा बँड सुंदर वाढत गेला. पहिला दिवस, तिसरा, सातवा, पायऱ्या चढावं तसा. खालचा मात्र जागचा हलत नव्हता. आम्ही त्यावर एक गोष्ट रचली : लांब आयसोफॉर्मच या सुजेत काम करतोय. आकृतीही तयार झाली. मग प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने पडद्याची एक पट्टी कापली आणि त्यावर प्राथमिक अँटिबॉडी (प्रथिन ओळखणारी) टाकलीच नाही, फक्त दुय्यम (प्राथमिकला चिकटून तिचा सिग्नल दाखवणारी). वरचा बँड तसाच उमटला. पहिला दिवस, तिसरा, सातवा.

तो जेएनके नव्हताच. सुजलेल्या ऊतीत रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तद्रव बाहेर येतो, आणि त्यात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात. त्यांची जड साखळी सुमारे ५० किलोडाल्टनची. आमची दुय्यम अँटिबॉडी उंदराच्या अँटिबॉडी ओळखण्यासाठीच होती आणि तिने त्या इमानाने ओळखल्या. सूज वाढली तशी गळती वाढली, गळतीबरोबर बँड वाढला. आम्ही काही महिने ज्याला सिग्नल म्हणत होतो तो रक्तद्रव होता. प्राथमिक मोनोक्लोनलमध्ये काहीही खोट नव्हती. तेव्हापासून उंदराच्या ऊतीसाठी मी उंदराची मोनोक्लोनल वापरत नाही, सशाची घेतो. सशाच्या मोनोक्लोनल सहज मिळतात त्याचं श्रेय १९९५ साली जाहीर झालेल्या एका सशाच्या प्लाझ्मासायटोमा पेशीला आहे. तोवर सशाच्या पेशींशी टिकाऊ जोड जमतच नव्हती. सशाचा अनुभव असा, की छोट्या पेप्टाइडमधला बारीक फरकही तो चांगला ओळखतो आणि पकड बऱ्याचदा घट्ट असते. फॉस्फो-जागांसाठी हे दोन्ही गुण सोन्यासारखे आहेत.

म्हणून ‘अँटिबॉडी चांगली आहे का’ हा प्रश्न मी असा विचारतो : या नमुन्यात, या पद्धतीत, हा बँड त्याच प्रथिनाचा आहे हे कशाने सिद्ध होईल? २०१६ मध्ये ऊलेन आणि सहकाऱ्यांनी पडताळणीचे पाच आधार मांडले : जनुक काढून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडीविना पद्धतीने मोजलेल्या प्रमाणाशी ताडणं, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या एपिटोपवरच्या दुसऱ्या अँटिबॉडीशी ताडणं, टॅग लावलेल्या प्रथिनाशी ताडणं, आणि अँटिबॉडीने पकडलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीत ओळखणं. यातलं पहिलं माझ्या मते सगळ्यांत खणखणीत. ते जनुकच काढलेल्या, म्हणजे नॉकआउट पेशीत बँड राहिला, तर वाद संपला.

हे किती गरजेचं आहे त्याची दोन उदाहरणं. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघत होते. २०१७ मध्ये १३ अँटिबॉडी काटेकोर तपासल्या तेव्हा एकच खरी विशिष्ट निघाली, आणि तीही फारशी वापरात नव्हती. २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ व्यापारी अँटिबॉडी नॉकआउट पेशींशेजारी ठेवून तपासलेलं काम आलं. बहुसंख्य प्रथिनांसाठी किमान एक उत्तम अँटिबॉडी बाजारात होती, रिकॉम्बिनंट सरासरीने सरस ठरल्या, पण प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बाराएक शोधनिबंधांत नापास झालेली अँटिबॉडी वापरलेली आढळली. चांगली वस्तू दुकानात होती आणि लोकांनी शेजारची उचलली. मला यातलं नुकसान पैशाचं वाटत नाही. कुणीतरी त्या निबंधांवर भिस्त ठेवून आपल्या पीएचडीची वर्षं घालवली, ते वाटतं.

फॉस्फो-अँटिबॉडीला मात्र नॉकआउट पुरत नाही. त्याने प्रथिन सिद्ध होतं, फॉस्फेट नाही. त्यासाठी लॅम्डा फॉस्फटेज वापरा. पडदा उभा कापून अर्ध्यावर एन्झाइम आणि अर्ध्यावर नुसता बफर, असं ट्रान्सफरनंतर करता येतं. बफरमध्ये मँगनीज हवं, आणि ईडीटीए किंवा फॉस्फटेज-रोधक अजिबात नको. त्या अर्ध्यात फॉस्फो-बँड गेला पाहिजे आणि एकूण प्रथिनाचा बँड राहिला पाहिजे. दुसरा मार्ग औषधाचा : ईआरकेसाठी, त्याला चालू करणाऱ्या मेकला रोखणारं यू-०१२६, एकेटीसाठी पीआय-३-कायनेज रोखणारं वॉर्टमनिन किंवा एलवाय-२९४००२. अर्ध्या तासात बँड मावळला पाहिजे. तुमच्या एकेटीच्या जादा बँडांचा निकाल इथे अर्धवट लागेल, कारण एस-६-कायनेजही याच मार्गावर खाली बसतो आणि तोही मावळेल. म्हणून तिथे एकेटीचं जनुक दाबूनच बघावं लागतं.

ब्लॉटच्या बाकी गोष्टी भराभर सांगतो. दूध पावडरने फॉस्फो-ब्लॉट बिघडतोच हा समज सरसकट खरा नाही. केसीनवर फॉस्फेट असतो हे खरं, आणि सर्वसाधारण फॉस्फो-टायरोसीन ओळखणाऱ्या ४-जी-१० सारख्या अँटिबॉडीसाठी मी दूध टाळतो. पण ठरावीक जागेच्या मोनोक्लोनलसाठी दुधात ब्लॉक करून (पडद्याच्या मोकळ्या जागा झाकून) प्राथमिक अँटिबॉडी बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) देणं पुष्कळदा उत्तम चालतं. माहितीपत्रकात जे लिहिलंय ते आधी करा, मग सुधारणा. द्रावण टिकवायला घालतात ते अझाइड दुय्यमला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमला मारतं, ते दुय्यमच्या द्रावणात जाऊ देऊ नका. आणि एकच पडदा स्ट्रिप करून (आधीची अँटिबॉडी धुऊन काढून) फॉस्फोवर पुन्हा एकूण प्रथिन बघण्याची सवय सोडता आली तर सोडा. स्ट्रिपिंगने कधी जुनी अँटिबॉडी उरते, कधी प्रथिनच निघून जातं, आणि तुमचं गुणोत्तर त्या दोन चुकांचं बनतं. सशाची फॉस्फो आणि उंदराची एकूण, दोन रंगांच्या फ्लुरोसंट दुय्यमने एकाच वेळी, ही रीत कितीतरी प्रामाणिक आहे. फक्त आधी खात्री करा की दोघींचे एपिटोप एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. काही ‘एकूण’ अँटिबॉडी फॉस्फेट लागला की कमी चिकटतात, आणि मग उत्तेजनानंतर एकूण प्रथिन घटल्यासारखं दिसतं.

पुढे फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणं) करणार असाल तर ब्लॉटवरचं यश सोबत येईल असं धरू नका. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, फॉर्मल्डिहाइडने बांधलेल्या पेशीत ते घडी घालून, शेजाऱ्यांना चिकटून बसलेलं असतं. फॉस्फो-स्टॅट या संदेशवाहक प्रथिनाचे एपिटोप सहसा थंड, ९० टक्के मिथेनॉलनंतरच उघडतात, आणि तेच मिथेनॉल पृष्ठभागावरच्या कित्येक खुणा पुसतं. क्रम आधी कागदावर आखावा लागतो.

नवी मागवायचीच वेळ आली तर कंपनीच्या नावापेक्षा क्लोनचं नाव बघा. तोच क्लोन चार लेबलांखाली विकला जातो, आणि दोन ‘वेगळ्या’ अँटिबॉडींनी एकमेकींना दुजोरा दिला असं वाटतं तेव्हा कधीकधी ती एकच असते. माहितीपत्रकात पूर्ण पडदा दाखवलाय की एक बँड कापून लावलाय ते बघा. कापलेला असेल तर पूर्ण चित्र मागा, बहुतेक जण देतात. वहीत क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक) चारही लिहा. नवा लॉट आला की जुन्या लॉटशेजारी एकाच लायसेटवर लावा, म्हणून एका चांगल्या प्रयोगातलं उत्तेजित आणि अनुत्तेजित लायसेट छोट्या वाट्यांत उणे ८० वर कायम राखून ठेवा.

तर येत्या ब्लॉटसाठी लेन अशा लावा. एक, उपाशी, अजिबात न हलवलेली, थेट उकळत्या बफरमध्ये. दोन, उपाशी, नेहमीप्रमाणे ताजं माध्यम दिलेली. तीन, जुन्याच माध्यमात साधं माध्यम एक दशांश. चार, त्याच रीतीने ईजीएफ, पाच मिनिटं. पाच, आधी अर्धा तास यू-०१२६ आणि मग ईजीएफ. सगळं दोनदा भरा, पडदा मधोमध कापा, एक भाग फॉस्फटेजमध्ये. बाजूला एक पट्टी फक्त दुय्यमसाठी. एक आणि तीन शांत राहून दोन चमकली, तर अँटिबॉडी तीच ठेवा आणि गाइडना हा पडदा दाखवा. पहिली लेनसुद्धा चमकली, तर पेशीचं नाव कळवा, तिथून पुढे बोलू.